वाट्याची बाटली

सरांना सलाईन लागल्यापासून त्यांच्या बायकोचं एक नवंच सुरू झालं होतं. आली की आधी नवऱ्याकडे नाही, स्टँडवरच्या बाटलीकडे बघायची. "अजून अर्धी आहे होय!" म्हणत हिरमुसून स्टुलावर बसायची.

सरांची हयात भौतिकशास्त्र शिकवण्यात गेलेली. थेंब नळीच्या टोकाशी का फुगतो आणि नेमका कधी सुटतो, हे त्यांनी पडल्या पडल्या नर्सलाही समजावलं होतं. पण बायकोला आपल्यापेक्षा बाटलीचा एवढा कळवळा का, हे काही केल्या उलगडेना. बाटली रिकामी झाली की तिची कळी खुलायची आणि संध्याकाळी पिशवी काखोटीला मारून ती लगबगीने घरी पळायची. सर मनातून चांगलेच फुरंगटले होते.

घरी सोडलं, तसे ते थेट आपल्या गच्चीवरच्या बागेत गेले. मिरच्या, टोमॅटो कसे ताठ उभे! प्रत्येक रोपाशेजारी काठीला सलाईनची बाटली उलटी टांगलेली आणि नळीतून मुळाशी टप टप पाणी.

"मी दिवसभर तुमच्या उशाशी. मग यांना पाणी कोण घालणार?" बायको म्हणाली. "नर्सबाईंकडून रिकाम्या बाटल्या मागून आणल्या."

सर विरघळलेच. तेवढ्यात कोपऱ्यातल्या कुंडीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"अगं, या वांग्यानं का मान टाकलीय?"

"उद्या त्याचाच नंबर होता," बायकोने सुस्कारा सोडला. "तुम्ही मध्येच बरे झालात!"