अर्धी दाढी

"गिळा बघू," वस्तरा माझ्या गळ्यापाशी थांबवून रंगनाथ म्हणाला. मी आवंढा गिळला.

"हे वरखाली होतंय, सर. गाठ आहे."

"अरे, कंठमणी आहे तो! तीस वर्षं जीवशास्त्र मी शिकवलं की तू?"

"कंठमणी मधे असतो. ही डावीकडे आहे. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उरलेली दाढी होणार नाही."

गाढवानं मला अर्ध्या दाढीनिशी भर बाजारातून दवाखान्यात पाठवलं.

"थायरॉईडच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मनातल्या मनात रंगनाथला शिव्या घातल्या. मग सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली. माझी गाठ त्या बहुतेकांतली नव्हती. कॅन्सर होता, पण वेळेत सापडला. ऑपरेशन झालं.

दोन महिन्यांनी पुन्हा त्याच खुर्चीत बसलो. आभाराचं भाषण पाठ केलं होतं. रंगनाथनं माझी हनुवटी वर केली, गळ्यावरचा आडवा व्रण न्याहाळला आणि तोंड वाकडं केलं.

"बावीस वर्षांत मी या गळ्यावर साधा ओरखडा उठू दिला नाही, सर. एकदाच दुसऱ्याकडे पाठवलं, तर हे काय करून आलात?"