ओला कडा

बदामीच्या कड्याखाली ऋजुताने बोटांनी वाळू उकरली. वरून कोरडी, आत ओलीच. मोबाइलने आठवडाभर ऊन सांगितलं होतं, पण काल रात्रभर पाऊस कोसळला होता.

“बाबा, आज नको. हा वाळूचा दगड. ओला असला की हातातच तुटतो.”

“मीच शिकवलंय तुला,” बाबा म्हणाले. “पण सोमवारी ऑपरेशन आहे. हा पाय कापणार. दोन पायांनी एकदाच चढू दे गं.”

तिला रडू फुटलं. तरी तिने दोर गुंडाळून पिशवीत भरला.

बाबांनी बराच वेळ कड्याला तळहात लावून ठेवला. मग खाली बसून उजव्या बुटाची नाडी सोडू लागले. गाठ सुटेना. ऋजुता मदतीला वाकली.

“राहू दे,” ते म्हणाले. “हा बूट माझा मला काढू दे.”