दोन जांभळ्या जिभा

खाणीच्या वरच्या दगडी गडग्याशी पोचेपर्यंत डोरीनचा उजवा गुडघा दोनदा रुसून बसला होता. तिसऱ्यांदा ती स्वतःच थांबली. गडग्याच्या वरच्या अंगाला, विनबेरीच्या बुटक्या रानझुडपांत, नॉर्मन ओणवा होऊन बारीक जांभळी फळं तोडत होता. तिचा सख्खा थोरला भाऊ. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

मागे फिरावं असं तिच्या मनात आलं. पण हा गुडघा चढणीपेक्षा उतरणीला जास्त छळायचा, आणि चारच्या आधी बस नव्हती. शिवाय पुढच्या आठवड्यात त्याच गुडघ्यावर शस्त्रक्रिया होती. नंतर माळावर चढता येईल असं डॉक्टरांनी काही कबूल केलं नव्हतं. घरी जाऊन नॉर्मनचं दार वाजवण्याइतकी ती धीट नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे बोलायचं तर आजच. ती खालच्या अंगाला बसली, दुधाची जुनी किटली मांडीशी धरली आणि मुकाट्याने तोडायला लागली. वरची झुडपं नॉर्मनची, खालची डोरीनची. ही वाटणी तो नऊ वर्षांचा आणि ती सात वर्षांची असताना झाली होती, चांगली मारामारी करून.

तेव्हा गिरणीला सुट्टीचा आठवडा लागला की अख्खी गल्ली समुद्रकाठी ब्लॅकपूलला जायची, आणि रोज भांडणारे शेजारी तिथल्या वाळूत पुन्हा शेजारीच बसायचे. या दोघांच्या नशिबी ब्लॅकपूल नव्हतं, हा माळ होता. आई चीज आणि कच्चा कांदा घातलेला पाव कागदात बांधून द्यायची, हातात एकेक किटली द्यायची आणि बजावायची की आत भरून पाई भाजण्यापुरती फळं घरी आलीच पाहिजेत. यायची त्याच्या निम्मी. संध्याकाळी आई दारातच उभी.

"जीभ दाखवा."

दोन जिभा बाहेर यायच्या, जांभळं खाल्ल्यासारख्या. आई एकेक करून नीट निरखायची, आणि म्हणायची, "चला, हात धुवा." एवढीच शिक्षा. पाई व्हायचीच. फळं कमी पडली की त्यात सफरचंद पडायचं.

"तू बुधवारी येतेस ना," वरून आवाज आला. नॉर्मनने मान वर केली नव्हती.

डोरीनच्या बोटांत एक फळ फुटलं. "उद्या हॉस्पिटलात तपासणीला जायचंय. तुला कोणी सांगितलं बुधवारचं?"

"बसवाल्याने. म्हणून तर मी मंगळवारी येतो."

"छान करतोस."

"करतोच मुळी."

झालं, संपलं बोलणं. एका मेंढीने दोघांकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

आईच्या अंत्यविधीनंतर चहा-सँडविच चालू असताना, भरल्या खोलीत नॉर्मन म्हणाला होता, "सगळं आटोपल्यावर बरी आलीस." डोरीनने कोट चढवला आणि ती चालती झाली. तेव्हा ती दूर ब्रिस्टलला राहायची, आणि आईच्या आजारपणाचा तो सबंध उन्हाळा 'पुढच्या आठवड्यात येते' म्हणत गेला होता. पुढे नवरा गेला, ती परत इकडे आली, नॉर्मनच्या घरापासून दोन बसथांबे अलीकडे राहिली. रोज भांडी घासताना तिने त्याला द्यायची उत्तरं घोटून ठेवली होती. एकाहून एक सरस. आत्ता त्यातलं एकही तोंडात येईना.

"तू म्हणालास ते खरं होतं," ती झुडपाकडे बघत म्हणाली.

वरचा हात थांबला. "खरं होतं म्हणून तर म्हणालो." मग एक फळ तोडून, "चारचौघांत म्हणायला नको होतं."

तो गडग्यापाशी आला आणि वरच्या दगडावर टेकला.

"त्या जुलैत मी आईसाठी वाटीभर घेऊन गेलो होतो. चमच्याने भरवली. चार-पाच खाल्ली असतील. आणि मला म्हणते, जीभ दाखव. पासष्टीचा घोडा मी, नर्सच्या समोर जीभ काढून उभा!" तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. "तिने बघितली. मग माझ्या मागे बघायला लागली. दाराकडे. म्हणाली, आणि दुसरी?"

डोरीनने किटली गवतात टेकवली.

"मी काय सांगणार? म्हटलं, मागून येतेय. दमलीय जरा."

डोरीनच्या डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला हात स्वच्छ नव्हते. तिने किटलीत हात घातला, मूठभर फळं काढली आणि लहानपणीसुद्धा कधी कोंबली नसतील अशी सगळी एकदम तोंडात कोंबली. रस हनुवटीवरून कोटावर ओघळला. गडग्याला धरून, गुडघ्याला शिव्या घालत ती उभी राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईने भावासमोर जीभ बाहेर काढली.

नॉर्मनने खिशातून चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, नाकावर चढवला आणि वाकून ती जीभ नीट निरखली. त्याला घाई नव्हती.

"चल," तो म्हणाला, "हात धू."

तिने गडग्यावरून दोन्ही हात पुढे केले. त्याने बाटलीचं बूच काढून पाणी ओतायला सुरुवात केली. पाणी संपलं तरी तो रिकामी बाटली तिच्या हातांवर तशीच धरून होता, आणि तिनेही हात मागे घेतले नाहीत.