भिंतभर हसू

बड्या कंपनीने आमचं सुपरमार्केट गिळलं आणि बावीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या मला घरी पाठवलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काचेतून डोकावले, तर नव्या सजावटीत माझाच हसरा फोटो, भिंतभर! खाली लिहिलेलं, ‘आपली माणसं’. फायलीतून उचलला असणार. बाई कोण, हे कुणी विचारलंच नसेल. दुसऱ्या दिवशी फोटोतलाच हिरवा एप्रन चढवून फोटोखाली उभी राहिले. “या तुम्हीच ना?” जो तो विचारू लागला. “मीच. सोमवारी काढून टाकलं यांनी.” नवा मॅनेजर घामाघूम झाला. “ताई, तमाशा नको. किती वेळ उभ्या राहणार?” मी वर बोट दाखवलं. “ती आहे तोवर.” शेवटी पाहुण्यांसमोर शिडी लावून भिंतीला चिकटवलेला फोटो सोलून काढावा लागला. मागे जुन्या दुकानाचं नाव, जसंच्या तसं! एप्रन सोडून मॅनेजरच्या हातात ठेवला. तेवढाच परत करायचा राहिला होता.