पिवळ्या ट्रेमधले पाहुणे

नवीचा हात पिवळ्या ट्रेपर्यंत आला आणि मागे गेला. घारीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. चोराला रंगेहाथ धरायचं तर आधी त्याला निवांत चोरी करू द्यावी लागते, एवढी अक्कल तिला होती.

घार हे काही तिचं खरं नाव नव्हे. औषधांच्या कारखान्यात पट्ट्यावरून हृदयविकाराच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा सरकत जायच्या. गोळी तुटकी दिसली किंवा गोळीचं एखादं घर रिकामं दिसलं की ती स्ट्रिप बाजूला काढायची, हे तिचं बारा वर्षांचं काम. नजरच तशी, म्हणून सगळे घार म्हणायचे. ही नजर शाबूत आहे ना, हे बघायला साहेब रोज मुद्दाम दहा खराब स्ट्रिपा चालू मालात सोडायचे. त्या स्ट्रिपांच्या पाठीवर हिरवा ठिपका असायचा, पण पुढून काही कळायचं नाही. त्यांना सगळे पाहुणे म्हणत. पकडलेला पाहुणा पिवळ्या ट्रेत ठेवायचा आणि पाळी संपताना मोजणी द्यायची. बारा वर्षांत घारीचा एकही पाहुणा हुकला नव्हता.

मंगळवारी मात्र ट्रेत सहाच निघाले.

"कुणीतरी उचललेत," घार म्हणाली. तिच्या शब्दाला वजन होतं. साहेबांनी मंगळवारचा माल गोदामात अडवून ठेवला आणि तिला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. चोर सापडला तर पाहुणे मालात गेले नाहीत हे ठरेल आणि माल जाईल. नाही सापडला तर एकूण एक खोका फोडून तपासावा लागेल.

चोर शोधायला लांब जायची गरजच नव्हती. घारीने पास केलेल्या स्ट्रिपा उलटसुलट करून डब्यात भरायचं काम नवीकडे होतं. ती लागून धड दोन महिने झाले नव्हते, म्हणून सगळे तिला नवीच म्हणायचे. मंगळवारी पोरीच्या शाळेत बोलावलंय म्हणून ती अर्धी रजा टाकून दुपारीच गेली होती. चार पाहुणे गायब, आणि त्याच दुपारी हीही गायब! शिवाय सारखी घारीच्या तोंडाकडे बघत बसायची. "ताई, चहा घेता का? ताई, जरा तोंडावर पाणी मारून या ना." असल्या गोड बोलण्याचा घारीला मनस्वी तिटकारा होता. बाईचा माझ्या खुर्चीवर डोळा आहे, दुसरं काय!

हल्ली जिकडेतिकडे हेच चाललं होतं. पाळी दर आठवड्याला बदलायची. कधी दिवसा चार तास पाठ टेकायची, कधी रात्री तीन, तेही तुकड्यातुकड्याने. पण त्याची तिला तक्रार नव्हती. "मला मेली झोप लागतेच कुठे!" हे ती जरा तोऱ्यातच सांगायची. त्रास होता तो माणसांचा. घरात कुणीतरी तिच्या किल्ल्या हलवायचं. परवा तर त्या फ्रिजमध्ये सापडल्या. कुणीतरी गॅसवर दूध ठेवून विसरून जायचं. नवरा म्हणाला, "अगं, तूच ठेवलंस की." त्याच्याशी ती दोन दिवस बोलली नव्हती.

चहाच्या सुट्टीची घंटा झाली. घारीने ट्रेमधले पाहुणे मोजले. चार. पुन्हा मोजले. चारच. हातमोजा काढून तिने तळहातावर पेनाने आकडा लिहून ठेवला, आणि चहाला गेल्याचं सोंग करून दाराआड उभी राहिली.

नवी उठली. तिने इकडेतिकडे पाहिलं. हात एप्रनच्या खिशात गेला, मग ट्रेत. आता सापडलीस बये! घार तरातरा आत आली, नवीचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने ट्रे उपडा केला.

एक, दोन, तीन, चार. पाच. सहा. सात.

घारीने तळहात उघडून पाहिला. तिथे चारच होते.

"हे काय आहे?" तिचा आवाज चिरकला.

नवी रडवेली झाली. "तुमच्याकडून सुटलेले आहेत, ताई. डब्यात भरताना मला ठिपका दिसतो. रोज दोन-चार असतातच. मी गुपचूप परत ठेवते."

"खोटं! माझी नजर पट्ट्यावरून हलत नाही."

"नाहीच हलत. डोळे टक्क उघडे असतात, ताई, पण तुम्ही झोपलेल्या असता. मी हाक मारते, तीही तुम्हाला ऐकू येत नाही. हे तोंडावर सांगितलं असतं, तर तुम्ही मला इथे राहू दिलं असतंत का?"

घारीच्या हातून मनगट सुटलं. किल्ल्या फ्रिजमध्ये कुणी ठेवल्या होत्या, हे तिला त्याच क्षणी कळलं.

"आणि खरोखरच्या खराब स्ट्रिपा? ज्यांना ठिपका नसतो, त्या?"

"दिसतील तेवढ्या काढते मी. पण मंगळवारी दुपारी मी नव्हते."

घारीला एकदम भीती वाटली. कुठल्याशा घरात कुणीतरी छाती धरून स्ट्रिप दाबेल आणि गोळीचं घर रिकामं निघेल.

तेवढ्यात साहेब दारात आले. त्यांनी उपडा ट्रे पाहिला, नवीचे भरलेले डोळे पाहिले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे चोर सापडला तर! बरं झालं. मंगळवारचा माल गाडीत भरून तयार आहे. सांगू ना निघायला?"

नवी भिंतीला टेकली. तिचं कोण ऐकणार होतं? घारीने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

"सापडला, साहेब," घार म्हणाली. "गाडी थांबवा. आत्ताच जागा झालाय तो."