कर्ता

जपानी इंजिनिअर उभा राहिला, कमरेतून वाकला आणि तसाच वाकून राहिला. समोरच्या बाईने पदर सावरला आणि कुठे बघावं ते न कळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिचा नवरा याच कारखान्यात, याच माणसाने बसवलेल्या यंत्रात सापडून तीन महिन्यांपूर्वी गेला होता. इंजिनिअर उद्या मायदेशी परतणार होता. जाण्याआधी तिला भेटायचंच, असा हट्ट त्याने धरला होता. नेहमीचा दुभाष्या आजारी होता, म्हणून विद्यापीठातल्या जपानी विभागाने तिसऱ्या वर्षाची एक मुलगी पाठवली होती.

मॅनेजरने मुलीला जिन्यातच गाठलं होतं. “जास्त लांबवायचं नाही. त्यांना वाईट वाटतंय, एवढं सांगायचं आणि उठायचं.”

इंजिनिअर सरळ झाला आणि बोलू लागला. मुलगी एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. तुमच्या घरातला कर्ता माणूस गेला. त्याचे हात फार चांगले होते. यंत्राचा आवाज बदलला की सगळ्यात आधी त्याला कळायचं. बाई ऐकत होती. मॅनेजर माना डोलावत होता.

मग इंजिनिअर थांबला आणि एक छोटं वाक्य बोलला.

वाक्य अवघड नव्हतं. मुख्य स्विच, बंद करणं, विसरणं. पण कोण विसरलं, ते त्यात नव्हतं. जपानीत कर्ता गाळला तरी वाक्य पुरं होतं. “कर्ता कुठे गेला म्हणून रडत बसू नका,” सर वर्गात म्हणायचे, “घरातल्या माणसाचं नाव कुणी दर वाक्यात घेतं का?”

“काय म्हणाले?” बाईने विचारलं.

“स्विच बंद करायचा...” मुलगी अडखळली.

“राहून गेला,” मॅनेजरने वाक्य पुरं केलं. “मुख्य स्विच बंद करायचा राहून गेला. असंच ना?”

भाषांतर बरोबर होतं. परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

“कुणाकडून राहिला?” बाई म्हणाली.

“ते चौकशीत आलंय, वहिनी. आता पुन्हा कशाला उगाळायचं?”

चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे दोन शब्द होते. बाईला ते पाठ होते. ती मॅनेजरकडे बघतच नव्हती. ती मुलीकडे बघत होती.

मुलगी इंजिनिअरकडे वळली आणि तिने एकच शब्द विचारला. “कोण?” असं वडील माणसाला विचारायचं तर आदराचा वेगळा शब्द आहे. घाईत तिला तो आठवला नाही. मित्राला विचारावं तसं तिने विचारलं.

इंजिनिअरने तर्जनी उचलली आणि स्वतःच्या नाकावर टेकवली. त्यांच्याकडे ‘मी’ म्हणताना बोट छातीवर जात नाही, नाकाकडे जातं. मग तो भराभर बोलला.

“मी विसरलो,” मुलगी म्हणाली. विसरले नाही, विसरलो. दुभाष्याने दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं असतं. “त्याला यंत्रात उतरायला मी सांगितलं. त्याआधी स्विच बंद करणं माझं काम होतं. त्याने वरून विचारलं, बंद आहे ना? मी हो म्हणालो. हे मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं.”

“एक मिनिट,” मॅनेजर म्हणाला. त्याचा सूर एकदम मऊ झाला. “बाळ, तू अजून शिकतेयस. चूक होऊ शकते. झाली असेल तर आत्ताच सांग, कुणी काही म्हणणार नाही. तुमच्या विभागातली दोन मुलं दरवर्षी आम्ही नोकरीला घेतो, माहितीये ना?”

“माहितीये, सर.”

“मग?”

“‘मी’ हा पहिल्या धड्यातला शब्द आहे, सर. त्यात चूक व्हायला जागा नाही.” हे बोलताना तिने मांडीवरची वही दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

बाई उठली. “थांबा,” म्हणाली. “मामंजी बाहेर बसलेत.”

सासरे सुनेबरोबर आले होते, पण बाकावरून उठले नव्हते. त्यांनी याच कारखान्यात पस्तीस वर्षं काढली होती. मुलाला इथे त्यांनीच चिकटवलं होतं. चौकशीचा कागद आल्यापासून जुने सोबती दिसले की ते रस्ता बदलत.

सुनेच्या मागून ते आत आले. दारातून दिसणाऱ्या खालच्या शेडमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती. यंत्रं थांबली होती आणि माणसं हात पुसत, डबे काढत होती. सून दार लोटायला गेली.

“राहू दे,” सासरे म्हणाले.

इंजिनिअर पुन्हा वाकला आणि तेच सगळं पहिल्यापासून बोलला. या वेळी त्याने ‘मी’ गाळला नाही. मुलीने सांगितलं.

“मोठ्याने,” म्हातारा म्हणाला.

तिने आवाज चढवला. “मी विसरलो. स्विच बंद करणं माझं काम होतं.”

“आजोबा, समोर तर बसलीय ती,” मॅनेजर खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाला. “ऐकू येत नाही का तुम्हाला?”

“मला येतं ऐकू,” म्हातारा म्हणाला. “दाराकडे तोंड करून सांग, पोरी.”