बुरशीचं पाणी

"लगदा पांढरा होईल हो," कागद कारखान्याचे साहेब म्हणाले, "पण तुमच्या या पाण्यानं धागाच खाल्ला तर? आमचा कागद टराटरा फाटायचा!"

पंकजानं हातातला पाण्याचा कॅन खाली ठेवला. राहाता गावाजवळच्या या घराच्या गोठ्यात तिनं गव्हाचा कोंडा न् उसाची चिपाडं भिजवून त्यावर बुरशी वाढवली होती. त्या बुरशीचं गाळलेलं पाणी लगद्यात घातलं की क्लोरीन कमी लागतं, एवढं साहेबांना पटलं होतं. धाग्याची तपासणी मात्र पुण्यात अडकली होती, आणि साहेबांना आजच काय ते ठरवायचं होतं.

ऑर्डर हुकली की सगळं उकिरड्यावर! सासूबाईंनी, छबूबाईंनी, तसं बजावलंच होतं. "लोकं गाया पाळत्यात, आमची सून बुरशी पाळती," असं त्या गावभर सांगत. लोणच्यावर ठिपका दिसला तरी अख्खी बरणी फेकणारी बाई ती! त्यात कॅनमधलं पाणी रोज थोडं थोडं कमी व्हायचं. सासूबाईच ओतून देतात, याची पंकजाला खात्री होती. ती आतल्या आत धुमसत होती.

"बरं, येतो मी," साहेब उठले.

दारातल्या छबूबाईंनी सुनेच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ओट्यावर पान लावत बसलेल्या नवऱ्याकडे.

"अहो, जरा आत या."

सहादेवराव मुकाट्यानं आत गेले. थोड्या वेळानं छबूबाई एकट्याच बाहेर आल्या, हातात पांढरंशुभ्र धोतर घेऊन. एक टोक त्यांनी साहेबांच्या हातात कोंबलं, दुसरं ड्रायव्हरच्या.

"वढा!"

"अहो आजी, पण..."

"दिवाळीपासनं सुनंच्याच पान्यात भिजवते. पानाचे लाल डाग सुदिक ऱ्हात न्हाईत. वढा की! जेवला न्हाई व्हय?"

"आई, तुम्ही?" पंकजाचा आ वासलेलाच राहिला.

दोघांनी पाय रोवून ओढलं. ड्रायव्हर घसरून बसला, पण धोतर काही फाटेना. कागदाचा धागा आणि सुताचा धागा एकाच जातीचे, हे साहेबांना कुणी सांगायला नको होतं. ते हसत सुटले.

"पहिले कॅन कधी पाठवता, ताई?"

पंकजाला हसावं की रडावं कळेना. तिनं सरळ सासूबाईंना मिठी मारली.

"चहा घेऊनच जातो आता," साहेब म्हणाले. "आबांनाही बोलवा की बाहेर."

दाराआडून सहादेवराव ओरडले, "चहाचं मागनं बगू! आदी माझं धोतर द्या!"